वेशीवरचे दहा सेकंद

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५, लोहारा

आज निकिताचं पार्सल आलं. मला वाटलं, दिवाळीचं राहिलेलं काहीतरी असेल. निघाला टॅबलेट, आणि त्यात प्रेतांचा खेळ.

निकिता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्यात बसून बंगळूरच्या एका कंपनीसाठी इंग्रजी व्हिडिओ गेम मराठीत आणते. या खेळाचं नाव ‘वेशीबाहेर’. मालिकेसारखे पाच भाग आहेत. मेलेली माणसं उठून गावं खात सुटतात आणि रेवती नावाच्या नर्सला त्यांच्यातून वाट काढायची असते. मधेमधे खेळ थांबतो, पडद्यावर दोनतीन वाक्यं येतात आणि दहा सेकंदांत आपण एक निवडायचं. त्यावर म्हणे पुढची गोष्ट ठरते.

“मावशी, तू फक्त खेळ आणि प्रामाणिक मत लिही,” निकिता फोनवर म्हणाली. “चार भाग तयार आहेत. आपल्या जिल्ह्यातले तीसजण खेळणार आहेत. मी ग्रुप केलाय.”

“मी सहासष्ट वर्षांची आहे, निकिता.”

“म्हणूनच तर. बाकी सगळे गप्प बसतील, तू बसणार नाहीस.”

हे कौतुक होतं की काय, कळलं नाही. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. प्रामाणिक मत मागणाऱ्याला ते नको असतं, एवढं मी त्यात शिकले आहे. पण ती भाची आहे. तिच्यासाठी म्हणून खेळणार, एरवी मला असल्या गोष्टीत काडीचा रस नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दोन भाग झाले. एकटीनं खेळायचा बेत होता, पण शेजारच्या शरणम्मा ताकाचं भांडं परत द्यायला आल्या आणि बसल्या त्या बसल्याच.

“ह्येला काय म्हणत्यात?” त्यांनी विचारलं.

“झॉम्बी.”

“झोंबी? म्हंजे कुस्ती? मग लंगोट कुठं हाय?”

मी समजावून सांगितलं. “मग मढी म्हणा की सरळ,” त्या म्हणाल्या. निकितानं पडद्यावर ‘चालती प्रेतं’ असं लिहिलं आहे. शरणम्मा शाळेत गेलेल्या नाहीत, पण शब्द त्यांचाच बरोबर आहे. वहीत नोंद केली.

दगडोबा नावाचा एक म्हातारा भेटला. गावाची वेस राखतो. गावातले सगळे पळाले तरी हा हलला नाही. रेवतीला त्यानं भाकरी दिली, वर टोमणाही मारला: “नर्सबाई, खायला तरी दोन हात वापरा.” इतकं बरं बोलणारा माणूस मला प्रत्यक्षातसुद्धा बऱ्याच दिवसांत भेटलेला नाही. शरणम्मांचं आणि माझं एका गोष्टीवर एकमत झालं. काही झालं तरी दगडोबाला सांभाळायचं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

संताप. शुद्ध संताप.

तिसऱ्या भागाचा शेवट. मढी गावाच्या मागल्या अंगाला पोचलेली. दगडोबाचा पाय कापलेला, वेशीला टेकून बसलेला. लांबवर एक ट्रक उभा, त्यातली बाई हाका मारते आहे, हॉर्न वाजवते आहे. दगडोबा रेवतीला म्हणतो, “जा पोरी, दवाखान्यातनं औषध आण. मी हाय हितं.” मग पडदा थांबला. तीन वाक्यं आली:

येते.
थांबते.
गप्प राहा.

दहा सेकंद. यात विचार करण्यासारखं काय आहे? औषध आणायला जायचं आहे, तर माणूस ‘येते’ म्हणेल आणि निघेल. आम्ही दोघींनी एकदमच ‘येते’वर बोट ठेवलं.

आणि ती भवानी रेवती धावत जाऊन ट्रकमध्ये बसली! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ट्रक निघाला. वेस पडली. दगडोबाचं पुढं काय झालं ते लिहवत नाही.

“आगं आगं आगं! औषध कुठं हाय तिकडं?” शरणम्मा ओरडल्या. टॅबलेटच्या पाठीवर त्यांनी एक थापटही मारली.

पुन्हा खेळले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही. मग बाकीच्या दोन वाक्यांचा विचार करून पाहिला. ‘थांबते’ कसं म्हणणार? म्हातारा रक्तबंबाळ असताना मी काय बिनकामाची थांबून राहू? आणि गप्प राहायचं म्हणजे वडील माणसाला न सांगता निघून जायचं. असलं वळण आम्हाला नाही.

ज्यानं कुणी ही गोष्ट रचली आहे, त्याला घरी कुणी म्हातारं माणूस नसावं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ग्रुपवर सकाळपासून रणकंदन चालू आहे. बहुतेक सगळ्यांचा दगडोबा गेला. काहींनी रडक्या चेहऱ्याची चित्रं टाकली. ईट गावचा रणधीर हा वेगळाच प्राणी. त्यानं लिहिलं, “चॉईसला अर्थच न्हाय. कायबी दाबा, म्हातारा मरतोय. पण खरं सांगू का, म्हातारा म्हंजे स्टोरीवर लोड होता. मेला ते बरं झालं. आणि मला बाई होऊन का खेळायला लावलंय?”

मी उत्तर दिलं, “रणधीर, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हा निरोप पोचवू का? आणि बाई होऊन खेळल्यानं कुणाचं काही झडत नाही.”

“सॉरी मावशी,” लगेच आलं. मग हसरा चेहरा. मग पुन्हा, “पण लोड होताच.”

तहसील कचेरीतली हर्षाली तेवढी आनंदात. “माझा दगडोबा जिवंत हाय! हात पिठात होते, दहा सेकंदांत काहीच दाबता आलं नाही. रेवतीनं आपोआप औषध आणलं.” म्हणजे काही न करणाऱ्याला बक्षीस आणि चार शब्द नीट बोलणाऱ्याला शिक्षा! हा कुठला न्याय?

निकितानं मत लिहायला एक तक्ता दिला आहे. मराठीत लिहिलं असतं तर ते कुणीतरी भाषांतर करताना पातळ केलं असतं. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली आहेत, ती कधी कामाला यायची? सरळ इंग्रजीत दीड पान लिहिलं. लेखक निर्दय आहे, निवडीचं सोंग आहे, आणि अशा गोष्टीचा पाचवा भाग पाहण्यापेक्षा मी रॉकेलच्या रांगेत उभी राहीन. शेवटचं वाक्य मला फारच आवडलं. दोनदा वाचलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

निकिताचा फोन. आवाज बसलेला. “माझं मत पोचलं का?” मी विचारलं. “पोचलं, मावशी. वरपर्यंत पोचलं.” पुण्यात थंडी पडली असणार. आलं, गूळ आणि मिऱ्याचा काढा घे म्हटलं. “हो, घेते,” म्हणाली आणि फोन ठेवला.

वरपर्यंत पोचलं! या वयातही माझ्या इंग्रजीला धार आहे म्हणायची.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मी मूर्ख आहे. हे शाईनं लिहून ठेवते, म्हणजे खोडता येणार नाही.

निकिताच्या आईचा, उमादेवीचा, फोन आला. मराठी आवृत्ती म्हणजे नुसती चाचणी होती. तिसातल्या सव्वीस जणांनी दगडोबाला सोडलं. इंग्रजीत खेळणारे दहातले दोनच सोडतात. पाचवा भाग सगळा दगडोबावरच उभा आहे. कंपनीनं निष्कर्ष काढला की मराठी खेळाडूंना या म्हाताऱ्याशी देणंघेणं नाही आणि गोष्टही आवडलेली नाही, म्हणून पाचवा भाग मराठीत आणायचा नाही. गुरुवारच्या बैठकीत त्यावर शिक्का बसणार. मराठी बंद झालं की निकिताचं कामही संपलं.

“आणि ताई,” उमादेवी म्हणाली, “कुणा खेळाडूनं इंग्रजीत भयंकर लिहिलंय म्हणे. रॉकेलच्या रांगेचं काहीतरी. तेच साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. कोण मेलं असेल गं ते?”

मी म्हटलं, दारावर कुणीतरी आलंय.

दोन वर्षं त्या पोरीनं या कामात घालवली आहेत. हजारो वाक्यं. आणि माझी जीभ! एक्स्चेंजमध्ये असताना लोकांचे संसार माझ्या कानावरून जायचे, तरी मी कधी अवाक्षर बोलले नाही. आता बोलायला मिळालं, तर हे.

निकिताला फोन केला. “तू खरं तेच लिहिलंस, मावशी,” ती म्हणाली. तिनं भांडायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं.

“पण मला एक समजत नाही,” ती म्हणाली. “आपली माणसं इतकी कशी निष्ठुर? सव्वीसजण?”



सोमवार, १७ नोव्हेंबर

हे आजच्या आज लिहायलाच हवं.

दुपारी पुन्हा त्याच जागी टॅबलेट उघडून बसले होते. दहा सेकंद संपायच्या आत थांबवायचं, पुन्हा सुरू करायचं. सव्वीसजण दगडोबाला सोडतील हे मला पटेना. रणधीरसुद्धा तोंडाचाच वाईट आहे. शरणम्मा शेंगा सोलत होत्या. माझं लक्ष नाही असं बघून त्या उठल्या.

“येते, अक्का.”

मी खेकसले, “कुठं येताय?”

त्या दारातच थांबल्या. “कुठं म्हंजे? घरला जातीय की.”

“मग जाते म्हणा!”

“जाते म्हणू नये, अक्का. तुम्ही शिकलेल्या असून असं काय बोलताव?”

आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण ‘कुठं येताय?’ हेच मलाही कुणीतरी विचारलं होतं. चौथीत होते. सोलापूरला शाळा सुटल्यावर सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन मी माझ्या नव्या इंग्रजीत सांगितलं होतं, ‘सिस्टर, आय ॲम कमिंग.’ सिस्टरनं चष्म्यावरून पाहिलं. ‘कमिंग व्हेअर, चाइल्ड?’ मी म्हटलं, ‘होम.’ त्यांनी मला अर्धा तास बसवून ‘आय ॲम गोइंग’ पन्नास वेळा लिहायला लावलं. घरी आल्यावर आई म्हणाली, असलं अभद्र वहीत कशाला लिहिलंस?

निकिताला फोन लावला. “वेशीवरचं ते ‘येते’, ते इंग्रजीत काय आहे?”

“थांब हं, बघते. ओळ चारशे बारा. ‘आय ॲम कमिंग.’ मग ‘येते’च ना?”

“कुणाला उद्देशून?”

“ते कुठं लिहिलेलं असतं, मावशी? मला नुसता ओळींचा तक्ता येतो. चित्र नाही, कोण कुणाशी बोलतंय ते नाही.”

“ते ट्रकवालीला आहे! मी तुमच्याबरोबर येते, असं. आणि आम्ही सगळे ते दगडोबाला म्हणालो. निरोप घेतला आम्ही त्याचा, निकिता! जाते कसं म्हणणार, म्हणून येते म्हणालो!”

मग ती इतकी मोठ्यानं हसली की शेवटी शेवटी ते हसणं राहिलं नाही.

“सव्वीसजण,” ती म्हणाली. “मावशी, सव्वीसजण परत येणार होते.”

शरणम्मा अजून दारातच. “काय झालं वो? मी जाऊ का नको?”

गुरुवार, २० नोव्हेंबर

बैठक झाली. मला टॅबलेटवरून जोडून घेतलं. एका चौकोनात निकिता, एका चौकोनात बंगळूरचे शिवानंदसाहेब. पस्तिशीचा माणूस, कानात यंत्र, एक डोळा घड्याळावर. मी काठापदराची साडी नेसले होते आणि सिस्टरला अभिमान वाटेल अशा इंग्रजीत बोलले. आधी त्या दीड पानाबद्दल माफी मागितली. मग ‘येते’ समजावलं. आमच्याकडे निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, असं तीन प्रकारे सांगितलं.

साहेब मान हलवत होते. ती मान मला ठाऊक आहे. एक्स्चेंजमध्ये तक्रार घेताना मीही तशीच हलवत असे. “व्हेरी इंटरेस्टिंग,” ते म्हणाले. “पण एका शब्दामुळे सव्वीस लोक चुकतील, हे आकड्यांत दाखवणं कठीण आहे.”

शरणम्मा बाजूला बसल्या होत्या. इंग्रजी कळत नसलं तरी मान त्यांनाही कळली. “ह्यो कुठला म्हणला?” त्यांनी मला विचारलं.

“बंगळूरचा. शिवानंद.”

“आपलाच हाय की!” त्यांचं माहेर कानडी. मला कोपरानं बाजूला सारून त्या पडद्यात तोंड घालून म्हणाल्या, “येनप्पा, होगतीनि अन्नबारदु. होगि बरतीनि अन्नबेकु. निम्म अव्वा हेळिल्लेनु?”

जाते म्हणू नये बाबा, जाऊन येते म्हणावं, तुझ्या आईनं सांगितलं नाही का?

साहेबांची मान थांबली. कानातलं यंत्र त्यांनी काढून ठेवलं. “हेळ्यारि, अम्मा,” ते हळूच म्हणाले. सांगितलंय, अम्मा. मग ते एकदम सावध झाले आणि बाजूच्या कुणाला तरी ओरडून म्हणाले, “अरे, आपल्या कन्नडच्या तक्त्यात त्या ओळीला काय लिहिलंय? बघा, बघा!”

उत्तर आम्हालाही ऐकू आलं. बरतीनि. म्हणजे येते.

कन्नडमध्येही तिसातल्या चोवीस जणांनी दगडोबाला सोडलं होतं म्हणे.

पाचवा भाग त्याच तीसजणांना द्यायचा, वेशीवरचं दृश्य सुधारून, आणि त्यावर काय ते ठरवायचं. निकितानं तिथंच आणखी एक मागून घेतलं. यापुढे तक्त्याबरोबर चित्रं हवीत. मिळणार आहेत.

बैठक संपल्यावर शरणम्मा म्हणाल्या, “बरं हाय पोरगं. पण सुकलंय.”

मंगळवार, २५ नोव्हेंबर

निकितानं वेशीवरची वाक्यं बदलली. ट्रकवालीसाठी आता ‘मला गाडीत घ्या’ असं स्वच्छ लिहिलं आहे. ‘येते’ राहिलं, पण ते दगडोबाला. ते म्हटलं की रेवती औषध आणते, पाय बांधते आणि मग मदत शोधायला निघताना पुन्हा एकदा ‘येते’ म्हणते. त्यावर दगडोबाचं एक नवं वाक्य हवं आहे. आम्हालाच विचारलं.

मी चार वाक्यं लिहिली. कर्तव्य, माती, गावाची वेस वगैरे. वाचून दाखवली.

“भाषण हाय का ह्ये?” शरणम्मा म्हणाल्या. “पाय दुखतोय त्याचा.”

“मग काय म्हणेल तो?”

“ये म्हणंल. आणि काय म्हणंल?”

अर्धा तास वाद घातला. मग ‘ये, पोरी’ एवढंच लिहून पाठवलं. माझी चार वाक्यं चांगली होती, हे नोंदवून ठेवते.

शनिवार, १३ डिसेंबर

सुधारलेली वेस आणि चौथा भाग आधीच खेळून झाले होते, आज पाचवा भाग आला. सकाळी दहाला बसलो.

दगडोबा वेशीवर सुखरूप. रेवती मैलोन्‌मैल चालून एका फाट्याला पोचली. डावीकडे लष्कराची छावणी. भिंत, डॉक्टर, गरम जेवण. उजवीकडे आलेली वाट, मढ्यांनी भरलेली, बंदुकीत गोळ्या दोन. इथं पडद्यावर वाक्यं नाहीत, दहा सेकंद नाहीत, बाणाची खूण नाही. दगडोबाचं कुणी नावही काढत नाही. फक्त चालायचं.

मी शहाण्यासारखी डावीकडे वळले.

“अक्का,” शरणम्मा म्हणाल्या, “येते म्हणून आलाव नव्हं आपण?”

“शरणम्मा, हा खेळ आहे. छावणीत औषधं आहेत, माणसं आहेत. आधी तिथं जाणं शहाणपणाचं.”

“खेळ हाय म्हणून काय झालं? त्यो ये म्हणलाय.”

छावणीची भिंत दिसायला लागली होती. दिवे होते. मी आणखी चार पावलं चालवली. मग टॅबलेट फिरवला आणि मागे वळले.

दोन्ही गोळ्या पहिल्या वळणावरच संपल्या. मी तीनदा मेले, शरणम्मांनी माझ्या हातावर तीनदा मारलं. दुपारी एकच्या सुमाराला वेस दिसली. दगडोबा तसाच टेकून बसलेला. पाहून म्हणाला, “उशीर केलास. भाकरी गार झाली.”

निकितानं हे वाक्य मला न विचारता घातलं आहे. चांगलं आहे. शरणम्मांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या चष्म्यावर धूळ बसली होती, तो पुसला.

बुधवार, १७ डिसेंबर

कंपनीत खळबळ आहे. इंग्रजीत त्या फाट्यावरून दहातले दोन परत वळतात. आमच्या तीसजणांतले अठ्ठावीस वळले. तिथं ना बक्षीस ना खूण, मग लोक का वळले, हे कुणालाच कळेना. शिवानंदसाहेबांनी आधी यंत्रात बिघाड आहे का ते तपासून घेतलं. मग सगळ्यांना छापील प्रश्न पाठवला. फाट्यावर तुम्ही परत का वळलात? अ) बक्षीस मिळेल असं वाटलं. ब) वाट चुकलो. क) छावणीवर विश्वास नव्हता. ड) इतर, कारण लिहा.

संध्याकाळी निकिताचा फोन आला. आवाज खणखणीत. पाचवा भाग मराठीत येणार, आणि कंपनीचा पुढचा खेळही तिच्याकडेच. मग ती मला उत्तरं वाचून दाखवायला लागली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांनी ‘ड’वर खूण केली होती. हर्षालीनं कारण लिहिलं होतं, जळकोटच्या विरेशनं लिहिलं होतं, सगळ्यांनी थोड्याफार फरकानं एकच लिहिलं होतं. माझं तिनं वाचलं नाही, मीही विचारलं नाही.

“आणि रणधीर?” मी म्हटलं. “तो गेला असेल छावणीत. त्याला लोड होत होता ना.”

“रणधीर सगळ्यात आधी पोचला, मावशी. सकाळी साडेदहाला. त्याचं उत्तर वाचू?”

“वाच.”

“‘येते म्हणलो होतो की.’”